प्रॉम्प्टरची बायको, जपानबायचा आवाज

मी इब्रामपूरची. पेडण्याच्या तालुक्यात अगदी टोकाला, तिथून चार पावलं टाकली की महाराष्ट्र लागतो, आमच्यातल्या निम्म्या बायकांचं माहेर पलीकडे नि सासर अलीकडे, त्यामुळे आमचं बोलणं ऐकून तुम्हाला कळायचं नाही की ही गोव्याची की तिकडची. बापूस शेतकरी. भात, नाचणी, थोडे काजू. आम्ही पाच भावंडं, त्यात मी तिसरी, म्हणजे कोणाच्या लक्षात न येणारी.

शाळेत मी चौथीपर्यंत गेले. गेले एवढंच. गुरुजी एक आणि वर्ग चार, सगळे एकाच खोलीत, त्यामुळे मी पहिलीत होते तेव्हाच चौथीच्या कविता मला पाठ झाल्या. कानावर पडलं की राहिलंच, असा माझा स्वभाव. गुरुजी म्हणायचे, चंद्रावती, वाच. मी पुस्तक समोर धरायची आणि तोंडपाठ म्हणून टाकायची, अगदी थांबायचं तिथे थांबून, आणि गुरुजी म्हणायचे शाबास. त्या शाबासकीनेच माझं वाटोळं केलं. मला वाचता येत नाही हे ना त्यांना कळलं ना मला. अक्षरं ओळखते, ओळखत नाही असं नाही, पण एकेक अक्षर म्हणजे गाळातून पाय काढल्यासारखं, ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. तुम्ही टीव्हीवर, माहितीपटात माझा आवाज ऐकलात, लोक म्हणतात काय स्वच्छ वाचते बाई, काय शब्द टाकते. मी वाचत नव्हते. तीस वर्षं मी कागद हातात धरून उभी होते आणि वाचत दुसराच कोणी होता.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक असतं, ते गावच्याच माणसांनी करायचं. दुकानदार राजा होतो, बसचा कंडक्टर प्रधान होतो, महिनाभर तालीम चालते. पण त्या वेळी बायकांची कामं करायला नटी बाहेरगावची आणायची, गावच्या मुलीने तोंडाला रंग लावायचा नाही. नटी यायची त्याच दिवशी. उतरली की जेवायची, एकदा ओळी म्हणून बघायची आणि उभी राहायची. आणि दुसरा बाहेरचा माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. वर्षातून एकदा नाटक करणाऱ्याला पाठ काय राहणार? सगळा भार प्रॉम्प्टरवर. तो विंगेत पुस्तक घेऊन बसतो आणि नटाच्या एक वाक्य पुढे राहतो, नट बोलत असतो हे वाक्य आणि त्याच्या कानात पडत असतं पुढचं.

आमचं घर देवळाला लागून. मी सतरा वर्षांची, अंगणात भात वाळत घालायचं, कोंबड्या हाकायच्या आणि तालीम ऐकायची. एक दिवस राजा अडला, आमचा दुकानदार, आणि प्रॉम्प्टर पान उलटत होता, तर मी कुंपणापलीकडून ओळ सांगितली. दुकानदार म्हणाला, कोण गे ती? प्रॉम्प्टरने मान वर केली. नुसतं बघितलं. तो आमोण्याचा, वासुदेव नावाचा, खाणीवर टाइमकीपर होता आणि सीझनला गावोगाव प्रॉम्प्टिंग करायचा.

नाटकाच्या दिवशी सकाळी निरोप आला की नटीला ताप भरलाय, ती येत नाही. सगळी मंडळी देवळाच्या पायरीवर तोंड पाडून बसली. तेव्हा हा वासुदेव म्हणाला, ती कोंबड्या हाकणारी आहे ना, तिला सगळं येतं. झालं. बापूस उठला मारायलाच, त्याला की मला ते कळेना. म्हातारे म्हणाले, गावची मुलगी उभी राहणार म्हणजे काय. शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. आमच्यात मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि विचारतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली. लोक म्हणतात देवाची इच्छा. असेल. मला विचाराल तर त्या दिवशी पुजाऱ्याचा जावई प्रधान झाला होता, आणि नाटक मोडलं असतं तर पुजाऱ्याला घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

काम मी चांगलं केलं की नाही ते माहीत नाही. चुकले नाही एवढं नक्की.

पुढच्या मे महिन्यात वासुदेव मागणी घालायला आला. आई म्हणाली, प्रॉम्प्टर म्हणजे काय काम ते, लपून बसायचं नि कुजबुजायचं, घरात असा माणूस कोणाला पाहिजे? बापूस म्हणाला, खाणीवर नोकरी आहे ना, मग कुजबुजू दे. तर असं माझं लग्न झालं आणि मी आमोण्याला आले, मांडवीच्या काठाला.

लग्नानंतर चार दिवसांनी ह्यांनी एक नाटकाचं पुस्तक माझ्या हातात दिलं, म्हणाले, हे वाचून ठेव, साखळीकडच्या एका गावाला नटी पाहिजे. मी पुस्तक घेऊन बसले. तासाभराने आले, बघितलं, मी पहिल्याच पानावर. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, समोर कदेल ओढून बसले, आणि वाचायला लागले. मी म्हणायला लागले. त्या दिवसापासून त्या कदेलवर तेच बसायचे, दुसऱ्या कोणी त्या खुर्चीवर बसलेलं मला आवडायचं नाही. मी का वाचत नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता वाटतं तेव्हा शिकवायला हवं होतं त्यांनी. पण नवऱ्याला शिकवायला वेळ नव्हता आणि मला शिकायची लाज होती, आणि दोघांचंही काम अडत नव्हतं, मग कोण कशाला शिकतो.

त्यांचं वाचणं कसं होतं ते सांगते. सपाट. राजा असो, भिकारी असो, रडणं असो, हसणं असो, एकसारखं. प्रॉम्प्टरने जर रडत वाचलं तर नट त्याचंच रडणं रडणार, स्वतःचं रडणार नाही. म्हणून ते नुसते शब्द द्यायचे, त्यात स्वतःचं काही घालायचे नाहीत. जगात असे वाचणारे फार थोडे असतात, सगळ्यांना वाचताना आपण किती शहाणे ते दाखवायचं असतं.

मग काय, गावोगाव गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, कुठे कुठे. लोक नाटकाला टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच बायका माझ्या शेजारची जागा सोडून उभ्या राहायच्या. इब्रामपूरच्या भावजयीने मुलीच्या बारशाला बोलावलं नाही. मी गेलेही नाही. सगळ्यांच्या मनाचं बघत बसलं तर पोट भरत नाही. मला एकच मुलगी, उषा, ती आमच्याबरोबर गोणपाटावर झोपून मोठी झाली, मेकअपच्या पेटीला डोकं लावून. आता वास्कोला असते, बंदरावर कचेरीत नोकरीला आहे, नवरा रेल्वेत.

मग टीव्ही आला. पणजीला बोलावलं. तिथे मला पहिल्याच दिवशी सांगितलं, बाई, ओरडू नका, शेवटच्या रांगेला ऐकवायचं नाही, कॅमेरा तुमच्या नाकापुढे आहे. ते शिकायला मला वर्ष लागलं. आई केली, सासू केली, मोलकरीण केली, सिनेमातही घेतलं, पण सिनेमात माझं काम एकच, सोप्यावर बसून तांदूळ निवडायचे आणि नायक बाहेर जाताना विचारायचं, बाबा, लवकर येशील ना? सात सिनेमांत मी तांदूळ निवडले. एकाही नायकाने उत्तर दिलं नाही. वाचनाला बसलो की सगळे संहिता उघडायचे, मीही उघडायची, सगळ्यांनी पान उलटलं की मीही उलटायची. एक शहाणी नटी एकदा म्हणाली, चंद्राबाई, तुमच्या कागदावर एक खूण नाही, आमचे बघा कसे रंगवलेत. म्हटलं, बाई, ज्याला लक्षात राहत नाही तो रंगवतो. तिचं तोंड बंद झालं, पण त्या दिवसापासून मी वाचनाला तिच्या शेजारी बसले नाही.

निवेदनाचं काम मात्र वेगळं. तिथे पाठ करायला वेळ देत नाहीत. आज कागद देतात आणि आज वाच म्हणतात. पहिलं काम आलं ते शेतांच्या बांधांवरच्या माहितीपटाचं, डायरेक्टरला म्हाताऱ्या शेतकरणीचा आवाज पाहिजे होता, आणि मी हो म्हणून बसले. ह्यांना म्हटलं, आता काय करायचं? ते म्हणाले, करायचं काय, मी विंगेत बसतो. मी म्हटलं, स्टुडिओत विंग नसते. म्हणाले, मग तुझ्या बाजूला बसतो. आणि तसंच केलं. डायरेक्टरला सांगितलं की मला बंद खोलीत भीती वाटते, नवरा सोबत पाहिजे. मी कागद धरला, हे माझ्या मागे स्टुलावर, दुसरा कागद घेऊन, आणि मांडवात करतात तसं एक वाक्य पुढे, कुजबुजत. आम्हाला वाटलं माईक म्हणजे माईक. मांडवातला माईक वर टांगलेला, त्याला कसली कुजबुज ऐकू येते.

काचेच्या पलीकडे आग्नेल होता, रेकॉर्डिंग करणारा, तेव्हा तरणा पोर. पंधरा मिनिटं वाचून झालं. मी खूश, डायरेक्टर खूश. आग्नेल दार उघडून आत आला, कानावरचा हेडफोन काढला, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, माई, तुज्या पोटांत दादलो आसा काय गे? म्हणजे तुझ्या पोटात पुरुष आहे की काय. त्याने ऐकवलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या प्रत्येक वाक्याखाली ह्यांचा आवाज, जसा काही भिंतीपलीकडे कोणी जप करतंय. मला वाटलं संपलं. डायरेक्टर चहाला गेला होता म्हणून वाचले. हे म्हणाले, आग्नेल, हिला... आणि थांबले. ते शब्द त्यांनी कधी तोंडातून काढलेच नव्हते. आग्नेलने हात केला, म्हणाला, भाऊ, नको सांगू, तू बाहेर माझ्या बाजूला बस, ह्या छोट्या माईकमध्ये बोल, तुझा आवाज हिच्या कानात जाईल आणि टेपवर जाणार नाही. इतकं सोपं होतं ते! डायरेक्टर परत आला तेव्हा आग्नेल म्हणाला, ही ह्या बाईंची पद्धत आहे. तेव्हापासून ती माझी पद्धत झाली. लोक म्हणायचे मोठी कलाकार आहे, तिची स्वतःची पद्धत आहे.

कासवं झाली, फणस झाले, लसीकरण झालं, बंद पडलेल्या खाणी झाल्या, सगळ्यांना माझा आवाज. हे बाहेर, मी आत, मधे काच. खरं सांगायचं तर आमच्या संसारात आम्ही एकमेकांशी बोललो त्यातलं निम्मं बोलणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे सकाळी पोदेराकडून पाव घेऊन आले, पाव मेजावर ठेवला आणि उजवा हात उचलेना. हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाला, ऐकलेलं कळेल, पण बोलता येणार नाही, आणि लिहिलेली अक्षरंही ओळखायची नाहीत, मेंदूतली तीच जागा गेली आहे. म्हणजे बघा, माणसाचं काय काय जाऊ शकतं, आणि ह्यांचं नेमकं काय गेलं. एकच शब्द राहिला, बरं. पाणी पाहिजे? बरं. दुखतंय? बरं. तुमची मुलगी आली आहे. बरं. उषा पहिल्यांदा ऐकून बाहेर जाऊन रडली. मी म्हटलं, बाय, रडून काय, शिवी राहिली असती तर?

मी काम बंद केलं. बोलावणं आलं की सांगायची, गुडघे दुखतात. निवेदनाला गुडघे लागत नाहीत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आग्नेल सोडून.

गेल्या वर्षी त्याचाच फोन आला. पुण्याची एक बाई आहे, मधुरा नावाची, तिने एक जपानी फिल्म मराठीत करायला घेतली आहे, एका म्हाताऱ्या नटीची गोष्ट, तिला आवाज पाहिजे. मी म्हटलं, गुडघे. तो म्हणाला, माई, पुरे झाले ते गुडघे, ती तुझ्या घरी येते आहे.

आली. चाळिशीची, केस कापलेले, पण बसली आमच्यासारखी जमिनीवर. लॅपटॉप लावला. ह्यांची खुर्ची मी जवळ ओढली. आणि बघितली मी ती जपानबाय. तिचं नाव मला घेता येत नाही, जीभ वळत नाही, म्हणून मी तिला जपानबाय म्हणते. ऐंशीच्या वर वय. सोळाव्या वर्षी सिनेमात आली, आधी नायिका, मग नायिकेची बहीण, मग आई, मग आजी, आणि मग कोणी तोंड दाखवायला बोलवेना तेव्हा आवाज देऊ लागली, निवेदन. बघितलंत? सगळीकडे तेच. तांदूळही निवडत होती एका सिनेमात! मी मधुराला म्हटलं, विचार तिला, त्याने उत्तर दिलं का.

पण एक जागा आली, ती स्टुडिओत बसली आहे, ताठ कण्याने, चष्मा लावून, पुढे तिरप्या फळीवर कागद. एक ओळ वाचते, श्वास घेते, पुढची वाचते, पान उलटताना कोपरा असा धरते की आवाज म्हणून नाही. कागदावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. मी बघत राहिले. मला तिचा हेवा वाटला. तिचं नाव मोठं, घर मोठं, त्याचा नाही. एवढी म्हातारी बाई एकटी कागदापुढे बसून वाचते, कानात कोणी नाही, त्याचा. वाईट वाटलं म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगते.

मधुराने विचारलं, आजी, कराल? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, बरं. आता हे कुठलं बरं ते मला काय कळणार. पण मी हो म्हणून बसले. वाचता येत नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तीस वर्षांची सवय अशी एका दुपारी सुटत नाही.

ती कागद ठेवून गेली. महिन्याभराने रेकॉर्डिंग. उषा म्हणाली, आई, मी मोबाइलवर वाचून पाठवते, तू ऐकून पाठ कर. पाठवलं तिने. गुणी आहे मुलगी, पण तिचं वाचणं म्हणजे कंडक्टरने पुढचे स्टॉप ओरडल्यासारखं. मी ते ऐकून म्हणायला गेले की जपानबाय वास्कोच्या बसमध्ये चढली. दोन दिवसांत बंद केलं. ती रागावली, म्हणाली, मग कोण वाचणार आता? मी म्हटलं, मी.

दुपारी हे जेवले की मी खुर्चीपुढे पाटावर बसायची. बोट ठेवून एकेक अक्षर. सत्तरीच्या बाईने हे करायचं म्हणजे शेजारणीने बघितलं तर काय, म्हणून जनेल, म्हणजे खिडकी, लावून घ्यायची. ह्यांना अक्षरं कळत नव्हती, पण कान शाबूत होता. मी काही भलतंच वाचलं की ते डाव्या हाताने खुर्चीवर ठोकायचे. बरोबर काय ते सांगता येत नव्हतं, नुसतं ठोकायचे. मी परत जायची, परत वाचायची, परत ठोक. जोडाक्षर आलं की पाच-पाच वेळा. एक दिवस मी कागद फेकले. म्हटलं, सांगता येत नाही तर ठोकता कशाला? जन्मभर सगळं तोंडात घातलंत, तेव्हाच शिकवलं असतंत तर आज अशी वेळ आली असती का? तेव्हा ते रडले. मी रडले नाही. मी पेज वाढली, भरवली, तोंड पुसलं, आणि कागद गोळा करून परत बसले, कारण चौथं पान राहिलं होतं.

महिन्याने मला सगळं वाचता येत होतं असं नका समजू. बैलगाडीच्या चालीने येत होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी उषा रजा घेऊन बापाजवळ बसली आणि मी पणजीला गेले. आग्नेल आता म्हातारा, टक्कल पडलंय. मला बघून त्याने बाहेरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, मीही बघितलं. आत गेले. कानाला लावलं. पहिली ओळ बरी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला कानात काहीच नाही आणि माझं तोंड उघडेना. अक्षरं समोर होती, मला येत होती, पण जन्मभर माझं तोंड कानातल्या आवाजावर उघडत आलं, डोळ्यांचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. परत घेतलं, परत तिथेच. पाच वेळा झालं, सात वेळा झालं. मधुरा आत आली, म्हणाली, आजी, पाणी देऊ का? मी म्हटलं, पाणी नको. मला वाचता येत नाही.

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, चौथीचे गुरुजी, पोटातला पुरुष, सगळं. ती आग्नेलकडे वळली, म्हणाली, तुम्हाला माहीत होतं? आग्नेल म्हणाला, माहीत होतं. तिचा चेहरा पडला. आणि तिचंही बरोबर आहे, तिचे स्टुडिओचे दोनच दिवस होते. म्हणाली, आजी, मी पुण्याहून कोणाला तरी बोलावते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, वाईट वाटून घेईन, का नको घेऊ? महिनाभर पाटावर बसले आहे. मला जेवणापर्यंत वेळ द्या, नाही जमलं तर मी माझ्या पायाने बसस्टँडवर जाते.

मग मी आग्नेलला म्हटलं, त्या जपानबायचा आवाज आहे ना तुझ्याकडे? तिचं एक वाक्य माझ्या कानात सोड आणि बंद कर. तो म्हणाला, माई, तुला जपानी कळतं? म्हटलं, तू सोड रे. सोडलं. त्यातलं मला काय कळणार, पण वाक्य सुरू झालं आणि संपलं, आणि ती बाई, काय सांगू तुम्हाला, सपाट बोलत होती. आपल्या आयुष्याचं सांगत होती, नवरा मेलेला सांगत होती, ते कागदावरून मला ठाऊक होतं, आणि त्यात स्वतःचं रडणं घालत नव्हती. तिचं संपलं आणि माझं तोंड उघडलं. मी कागदावर बोट ठेवून माझी ओळ म्हटली. मग तिची दुसरी, मग माझी दुसरी. ती पुढे, मी मागे.

मधुरा काचेपलीकडे उभी होती ती बसली.

जेवणापर्यंत तीन पानं झाली. दोन्ही दिवस लागले, आणि मी हळू, म्हणून वाक्यं लांब पडायला लागली, जपानबायचं तोंड मिटायचं आणि माझं चालूच. मधुरा म्हणाली, हे बसत नाही. म्हटलं, तर काप की, हा "अत्यंत हृदयस्पर्शी" कशाला पाहिजे, ती बाई असं काही म्हणाली असेल असं मला वाटत नाही. तिने तपासलं, खरंच नव्हती म्हणाली, कोणी तरी घातलं होतं. कापलं. पान उलटताना माझा आवाज यायचा, जपानबायसारखा कोपरा मला काही साधला नाही, प्रत्येक पानाला आग्नेल थांबायचा आणि आत येऊन स्वतः उलटायचा.

शेवटी मधुराने विचारलं, आजी, नावं घालायची आहेत, तुमचं नाव निवेदन म्हणून कसं लिहू? मी सांगितलं. मग म्हटलं, त्याच्या खाली आणखी एक नाव घाल, वाचन म्हणून. ह्यांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, पण आजोबा ह्याच्यात वाचायला नव्हते. मी म्हटलं, जेव्हा होते तेव्हा कोणी घातलं नाही, म्हणून ह्याच्यात घाल. प्रॉम्प्टरचं नाव बोर्डावर नसतं, हँडबिलावर नसतं, नाटक पडलं तरच लोक विचारतात, प्रॉम्प्टर कोण होता रे?

फिल्म पणजीला दाखवली, मला शाल दिली, ह्यांना तिथल्या पायऱ्या चढवणं काही होणार नव्हतं. रविवारी उषाने घरी मोबाइलवर लावली. ह्यांनी सबंध ऐकली, डोळे मिटून, मधे एकदाही हात हलवला नाही. शेवटी नावं आली. काळ्यावर पांढरी, भराभर वर जाणारी. मी म्हटलं, उषा, थांबव. मोबाइल ह्यांच्यापुढे धरला. ते बघत होते, पण त्यांना ती अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. मी माझं बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. वाचन, आणि पुढे त्यांचं नाव, बापाचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर, माझ्याच चालीने. तेव्हा ते काही म्हणाले नाहीत, तो एक शब्दसुद्धा नाही. मोबाइल घेतला डाव्या हातात आणि सोडेनात. उषा म्हणाली, बाबा, माझा फोन आहे, मला जायचंय. शेवटी तिची बस चुकली.

आता असं चाललंय. गुडघे आता खरोखरच दुखतात, खोटं सांगितलेलं देवाने खरं केलं. मधुराने परत विचारलंय, कसलं तरी समुद्रावरचं आहे. मी सांगितलंय, कागद दोन महिने आधी पाठव, अक्षर मोठं कर, आणि फुकटचे शब्द घालू नको. जमलं तर जमलं. हे आहेत तोपर्यंत दिवस असेच जायचे, त्यांचं करायचं, दुपारी दोन पानं वाचायची. तक्रार नाही. असती तरी कोणाला सांगणार.

तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हातारीची बडबड लिहून घेतलीत, तुमच्या मुलाबाळांना सुख मिळो, देव तुमचं बरं करो. एकच सांगते. हे लिहून झालं की घेऊन या, पण मला वाचून दाखवू नका. कागद माझ्या हातात द्या आणि तुम्ही चहा घेत बसा. मी वाचीन. वेळ लागेल.